गल्लीचा जावई

...मयताला तरी माणसानं खांदा द्यायचा की नाही? तुम्हाला सांगतो, म्हातारं अंगानं जड, पोरं घामाघूम झालेली, मी आपला पुढं झालो, तिरडीच्या बांबूला हात घातला, तर चौघं एकदम म्हणाले, "दाजी, तुम्ही बसा." अहो, मयत चाललंय स्मशानात, मी बसू कुठं? तिरडीवर?

हसताय काय? तुम्हाला हसायला काय जातंय... नाही, आधी नीट ऐकून घ्या. मी कोंडिराम. राहणार नवघर, भाईंदर पूर्व. मूळचा बीडकडचा. लग्न झालं, गावात हाताला काम नाही, तेव्हा उत्तमरावांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावानं बोलावून घेतलं. ते इथं स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात मुकादम. त्यांनी मला पॉलिशच्या मशीनवर लावलं, खोली त्यांनी बघितली, रेशन कार्डाला ओळख त्यांची, रॉकेलवाल्याकडं ओळख त्यांची, आणि गॅसचा नंबर लागला तोही त्यांच्याच ओळखीनं. उपकार आहेत, नाही कुठं म्हणतोय? पण एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नाही, की त्या गल्लीत माझी अख्खी सासुरवाडी उतरलीय! एकानं भावाला आणलं, भावानं साडूला, साडूनं भाच्याला, भाच्यानं त्याच्या दोस्ताला... आता तिकडं गावात कुत्री राहिलीत आणि माणसं सगळी नवघरला.

आणि आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एका घरची लेक ती गावची लेक. म्हणजे तिचा नवरा गावचा जावई. जावई आला की खुर्ची टाकायची, चहा द्यायचा, हाताला काही लावू द्यायचं नाही. छान रीत आहे, दोन दिवसांसाठी! मी सात वर्षं झाली बसलोय हो.

जयंतीच्या मंडपाचे खांब रोवायचेत? दाजी, तुम्ही बसा. कुणाचा पत्रा उडालाय? दाजी, तुम्ही बसा. एकदा नळासाठी पाण्याच्या ऑफिसात मोर्चा नेला. मी म्हटलं, मी बोलतो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलोय. तर तिथंसुद्धा कुठनं तरी खुर्ची पैदा केली! सगळा मोर्चा उभा आणि मी एकटा बसलेला. साहेबाला वाटलं हाच पुढारी. मला म्हणतो, "बोला, काय मागणी आहे आपली?" मी तोंड उघडणार तेवढ्यात उत्तमराव म्हणाले, "त्यांची काही मागणी नाही साहेब, ते आमचे जावई आहेत."

नाक्यावरचा किराणावाला सेठ मला काय म्हणतो? "दाजी, हमारे में बोलते हैं, दूर जमाई फूल बराबर, गाँव जमाई आधा, घर जमाई गधा बराबर, जब चाहा तब लादा." मी म्हटलं, "सेठ, गधे को तो बोझा उठाने देते हैं!"

वरवर हसतो मी, पण लाज वाटते. खरं सांगतो, लाज वाटते. मशीनवर दिवसभर उभा राहतो, पगार घरात देतो, आणि संध्याकाळी गल्लीत शिरलो की पाहुणा. बायकोला बोललो, वैजयंता, तुझ्या लोकांना सांग जरा. ती म्हणते, "अहो, मानानं म्हणतात ते." मानानंच मारतायत!

तरी मी गप होतो. पण बाप वारला आणि गावात माय मागं राहिली. सोबतीला धाकटा लोकेश, तो असून नसल्यासारखा, पारावर बसायचा आणि जेवायला घरी यायचा. मी म्हटलं, माय, तू माझ्याकडं चल, कायमची. आमची माय म्हणजे... एकदा बोलली की बोलली. म्हणाली, "लेकाच्या घरी राहीन. सुनेच्या माहेरात न्हाय राहायची. आधी येऊन बघते." माय माझ्याजवळ राहणार की एकटी गावात झुरणार, ते सगळं त्या बघण्यावर होतं. मी ठरवलं, माय आहे तोवर खुर्चीला शिवायचं नाही.

तर माय ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आली! गावचा कुणी बोरिवलीला येत होता, त्याच्यासोबत. त्यानं नाक्यावर सोडलं आणि गेला. मायनं सेठला विचारलं, "कोंडिराम कुठं राहतो?" सेठ म्हणतो, "कोंडिराम? इधर तो कोई नहीं है." सात वर्षं त्याच्याकडनं साखर नेतोय मी! मायनं गल्लीत विचारलं. कोंडिराम? कुणालाच ठाऊक नाही. शेवटी बिचारी सांगायला लागली, उंच आहे, काळा आहे, बायकोचं नाव वैजयंता. तेव्हा कुठं पडला उजेड. "अहो, दाजी! दाजींची आई आली!"

मी कामावरनं आलो तर माय माझ्याच खुर्चीवर. भोवती सगळी सासुरवाडी, हातात चहा, बशीत खारी. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोंडिबा, तुझं नाव हितं कुणाला ठावंच न्हाय रं." मी चपला काढण्यात बराच वेळ घालवला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, अख्खी गल्ली हंडे घेऊन धावली, आणि मी म्हटलं, हीच वेळ. मायच्या समोरनं हंडा उचलला, रांगेत उभा राहिलो, हंडा भरला. भरला हो! खांद्यावर घेतला, माय दारातनं बघतेय, चार पावलं चाललो असंन, आलेच उत्तमराव. "दाजी, तुम्ही बसा." म्हटलं, नाही. "अहो, द्या इकडं." म्हटलं, हात लावू नका. "दाजी, लोक काय म्हणतील?" मी ओरडलो, "नाही बसणार! मरेन, पण बसणार नाही!" त्यांनी एकीकडनं ओढला, मी दुसरीकडनं, आणि हंडा उलटला सरळ माझ्या सासूबाईंच्या डोक्यावर. डोक्यापासनं पायापर्यंत भिजल्या. टँकर तोवर रिकामा होऊन हॉर्न देत निघाला. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणतात काय, "असू द्या जावईबापू... तुम्ही बसा."

बसलो. दुसरं काय करणार? आणि मग एकेक जण यायला लागलं. कुणी कळशी, कुणी तांब्या, त्या ओल्या सासूबाई स्वतः अर्धी बादली घेऊन आल्या. आमचं पिंप गल्लीच्या पाण्यानं भरलं आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो. प्रत्येकाचं पाणी ओतलेलं ऐकू येत होतं. असली लाज मला जन्मात वाटली नव्हती.

रात्रीचं जेवण झालं. म्हटलं, आता माय म्हणणार, मला एसटीत बसवून दे. तिनं सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, "मी हितंच राहणार."

मी म्हटलं, "माय, अगं हे सुनेचं माहेर आहे, तूच म्हणाली होतीस ना..."

"म्हणले आसंल. तुझा बाप गेला तवा आपल्या भावकीतलं कुणी तांब्याभर पाणी घिऊन आलं न्हाय. हितं तू सांडलंस तरी आणून दिलं." सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणते, "कोंडिबा, लोकेशलाबी हितंच पोरगी बघ. ह्याच गल्लीतली. त्याचंबी भलं हुईल."

घ्या! मला वाटलं, धाकट्याला एकदा खरं काय ते सांगून टाकावं. म्हणावं, बाबा, गावात उपाशी राहा, पण इकडं येऊ नको. पण माय माझ्याकडं बघत होती, आणि तिकडं पारावर बसून लोकेशचं काय होणार, ते मलाही दिसत होतं. उठलो. उत्तमरावांच्या दारात गेलो. आयुष्यात पुन्हा ह्यांच्याकडं काही मागायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं हो! मान खाली घालून शब्द टाकला.

उत्तमराव खूश झाले. म्हणाले, "बघू की दाजी, आमच्या साडूच्या पोरीचंच जमवू. मुलगा काय करतो?"

म्हटलं, "आत्ता काही करत नाही. आणि इथं आल्यावर तुम्ही करूही देणार नाही."