आधी एका झाडावर

रागिणी: अहो काकू, खांदेदुखीच्या औषधाची बाटली इतक्यात संपली कशी? वैद्यबाईंनी झोपताना एकच थेंब सांगितला होता ना?

सुभद्रा: पोरी, म्या तं तिले बोटही नाई लावलं. यायलेच इचार.

रागिणी: काकाजी?

पंजाबराव: आता कसं हाय रागिणी, तुहं दुकान औषधायचं, माहा बगीचा संत्र्याचा. नवीन औषध आलं की आमी साऱ्या बगीच्यावर नाई मारत. आधी एका झाडावर मारून पाह्यतो. पानं नाई जळली, तं मंग बाकीच्यायवर.

रागिणी: आणि ते एक झाड?

पंजाबराव: मीच. दुसरं कोन होतं घरात?

रागिणी: अरे देवा! किती थेंब घेतले?

पंजाबराव: थेंब कोन मोजते बापा? फवारनीचं औषध आमी झाकनानं मोजतो. एका पंपाले एक झाकन.

रागिणी: झाकणभर? काकाजी, त्यात विजयेचा अर्क आहे. विजया म्हणजे भांगच!

सुभद्रा: आइकलं? मी म्हनत होती ना, नशाच हाय हे!

पंजाबराव: पन घडीभर काईच नाई झालं. म्हनलं, माल नकली दिसते. मंग आखीन एक झाकन घेतलं.

रागिणी: पहिल्यांदा घेणारा माणूस इथंच फसतो. पोटातून गेलं की ते उशिरा चढतं, काकाजी.

सुभद्रा: चढलं ना! मोतीराम व्यापारी बगीचा पाहाले आला, अन् हे त्याचं टक्कल पाहून हसूनच राह्यले. त्या बिचाऱ्याले समजेना, टोपी घालू का घरी जाऊ. मंग हे शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच जे आडवे झाले, ते दिवस बुडेपर्यंत. मी देवाचं नाव घेत उशाशी बसली.

रागिणी: हसताय काय काकाजी? तुमची बीपीची गोळी चालू आहे. दवाखान्यात न्यावं लागलं असतं. चिठ्ठी काकूंच्या नावाची होती, ती काय उगाच मागतो आम्ही?

पंजाबराव: पन सरकारमान्य हाय ना?

रागिणी: मान्य आहे, म्हणून सरबत नाही ते! परवाना, बॅच, तारीख, सगळं छापलेलं असतं, ते तरी वाचलं का? अन् मोबाईलवर कोणी बिनचिठ्ठीचं पाठवतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

सुभद्रा: मले तं ते भांगेच्या बियायचं तेल दे. शेजारच्या किशोरची बायको खाते म्हने, तिले काई चढत नाई.

रागिणी: ते खायचं तेल. चटणीवर घ्या खुशाल, नशा नाही त्यात. पण तुमच्या खांद्याचं दुखणं त्यानं थांबेल, असं मी खोटं नाही सांगणार.

सुभद्रा: मंग राहू दे. म्हातारपनी चारचौघायसमोर दात काढत बसू काय मी? खांदा दुखते तं दुखू दे. सोसाची सवय हाय मले.

पंजाबराव: काई सोसत नाई तू. रातभर कन्हते.

सुभद्रा: तुमाले काय माहीत? तुमी तं घोरत असता.

पंजाबराव: घोरत नाई मी.

सुभद्रा: मंग रोजचं ते घर्र-घर्र काय असते?

पंजाबराव: मुद्दाम काढतो आवाज. मी जागा हाय हे समजलं, तं तू तोंडात पदर कोंबशीन. तेवढं तरी मोकळं कन्हू दे म्हनलं तुले.

(रागिणी उगाच बरण्या सारख्या करत बसते.)

सुभद्रा: रोज जागे असता?

पंजाबराव: झोप येते काय मले? म्हनून तं आधी मी घेऊन पाह्यलं. त्या औषधानं तुले काई झालं असतं, तं मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं, सांग.

सुभद्रा: येडे हाय तुमी. निव्वळ येडे. रागिणी, वैद्यबाई आता भेटतीन काय?

रागिणी: भेटतील की. जे झालं ते सगळं सांगा त्यांना, अन् नवी चिठ्ठी आणा. थेंब मोजून कसा घ्यायचा ते मी दाखवते. घेतल्यावर धीर मात्र धरायचा, काकू.

सुभद्रा: धीर हाय मले. चला उठा, काय बसून राह्यले?

पंजाबराव: घेशीन ना पन आता?

सुभद्रा: घेईन. पन आज घोरू नका. झोप येतवर बोला माह्यासंगं.