मागच्या दाराने या

हसा, हसून घ्या आधी, मग बसा... नाही हो, तुमचंच असं नाही, जो येतो तो माझ्या घराला प्रदक्षिणा घालूनच आत येतो, परवा तर नव्या पोस्टमनला दार सापडेना, पुढच्या पुढेच दोन फेऱ्या मारल्या बिचाऱ्याने आणि शेवटी पुढच्या खिडकीतून टपाल आत भिरकावलं, ते नेमकं माझ्या डोक्यावर पडलं, मी किंचाळले, आणि माझ्या किंचाळण्याने घाबरून तो पळाला, सायकल टाकून पळाला! आता बोला!

आणि तुम्ही मघाशी कुजबुजत होतात ना, "अगंबाई, पुढे दारच नाही की गं हिच्या घराला!" ऐकलं मी. मला सगळं ऐकू येतं, तोच तर माझा त्रास आहे. घ्या, कैरीची डाळ घ्या, पन्हं घ्या, आणि ऐका. चैत्रातलं हळदीकुंकू आहे, कुणालाही घाई नाही.

तर तुम्हाला सांगते, हे घर मी बांधलं ते दारासाठी. हो, दारासाठी! खोल्या काय, अलसूरला अंबूबाईंकडे भाड्याने राहत होतो तिथेही होत्या दोन. पण आमच्या खोल्यांना स्वतःचं दारच नव्हतं! बाहेर जायचं तर अंबूबाईंच्या माजघरातून जायचं आणि माजघरात अंबूबाई बसलेल्या. सदैव! त्या बाई तिथून कधी उठल्या असं मी पाहिलं नाही. मूळच्या आपल्यातल्याच, पण तीन पिढ्या बेंगळूरात गेलेल्या, मराठी बोलायच्या पण कन्नड मिसळून, अशी... "काय गं अक्का, कुठं निघालीस? भाजीला? काल तर आणलीस की! स्वल्प थांब की गं, पिशवी दाव... बीन्सच काय परत? सरी, सरी, जा." मी भाजीला गेले तरी सांगायचं, वाचनालयात गेले तरी सांगायचं, हे आणि मी सिनेमाला निघालो तरी सांगायचं, आणि परत आल्यावर गोष्टसुद्धा सांगायची! मला आपलं उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं. एकदा मी दबकत, चपला हातात घेऊन निघाले, तर मागून, "चपला हातात कशाला गं अक्का?" ...चपला माझ्या हातून त्यांच्या ताकात.

तेव्हाच मी ह्यांना सांगितलं, घर लहान असू दे, गिलावा नसला तरी चालेल, पण मला एक दार हवं. माझं. ज्यातून मी बाहेर पडेन आणि मला "कुठं गं अक्का" असं कुणी, कुणी म्हणजे कुणी विचारणार नाही!

हे विमानाच्या कारखान्यात, तुम्हाला ठाऊकच आहे. कृष्णराजपुरम स्टेशनच्या अलीकडे ही जागा मिळाली, पाया भरला, आणि बरोबर तेव्हा साहेबांनी ह्यांना पाठवलं कानपूरला, ट्रेनिंगला! जाताना मला म्हणतात कसे, "शुभदा, अगदी सोपं आहे. नकाशा आहे, मेस्त्री आहे, आणि तू तर बी.ए. आहेस." बी.ए. आहे, पण संस्कृत घेऊन! संस्कृतात विटा कुठे असतात? असतील यज्ञकुंडाच्या, पण तिथे खिडक्या नसतात ना!

मेस्त्री म्हणजे देवाप्पा. आनेकलचा. माणूस वाईट नाही हो, उलट इतका गोड की त्याच्यावर रागावायला सुरुवात केली की आपल्यालाच पाप लागेल असं वाटतं. काहीही विचारा, मान अशी डावीकडे उजवीकडे डोलवणार आणि म्हणणार, "आगत्ते अम्मा, आगत्ते." म्हणजे होईल, बाई, होईल. विटा आल्या नाहीत देवाप्पा! "आगत्ते अम्मा." भिंत वाकडी दिसतेय देवाप्पा! "आगत्ते अम्मा." काय आगत्ते? आपोआप सरळ होणार आहे का ती, लाजून? आणि मग गडप! आज काय, जत्रा. उद्या काय, अमावास्या. सासू वारली म्हणून गेला, मी हळहळले, चांगली साखर दिली घरी न्यायला, तर महिन्याभराने पुन्हा सासू वारली! मी म्हटलं, अहो, मग ती मागची...? तर शांतपणे मान डोलवून दोन बोटं दाखवली. दोन बायका, दोन सासवा.

आणि सुतार नागनाथ! त्याला हिंदी येत होती, म्हणजे खोटं दोन भाषांत बोलायचा. "बाई, चौकट बिलकुल तैयार है, सिर्फ लकडी आनी बाकी है."

आणि निर्णय! सगळे निर्णय मी घ्यायचे! फरशी लाल की हिरवी? ओटा उभ्याचा की बसून? कपाट भिंतीत की भिंतीबाहेर? रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर खिडक्या उघडमिट करायच्या. तिथे उभी राहिले की मागून गाडीची शिट्टी व्हायची, मी दचकायचे, मी दचकले की घमेलेवाली दचकायची, घमेलं पडायचं, त्या आवाजाने मी पुन्हा दचकायचे...

अंबूबाई म्हणायच्या, "मी येते की गं अक्का, मला कन्नड येतं, मी सांगते त्याला. माझ्या बहिणीनं पण, तानूनं, तिकडंच जागा घेतलीय की." मी म्हटलं, नको! ज्यांच्यापासून सुटायला घर बांधायचं त्यांनाच दुभाषी नेऊ? आणि तानूबाईंची जागा नेमकी कुठे हे मी विचारलंसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

शिवाय मला कन्नड येत होतंच! हसू नका. मी अगदी शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता. माझा सिद्धांत असा की हे लोक कुठल्याही शब्दाला शेवटी 'उ' लावतात. बस म्हणजे बस्सु, कार म्हणजे कारु, पेन म्हणजे पेन्नु. म्हणजे 'उ' काढला की झाला आपला शब्द! बाकी मग चार शब्द पाठ केले की संपलं... बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे. एवढ्यावर संसार होतो हो, घर का नाही होणार?

तर मी मिरजेला निघाले होते, धाकट्या भावाची मुंज होती. सगळं सामान बांधलेलं, टांगा दारात, म्हणजे अंबूबाईंच्या दारात, आणि तेवढ्यात देवाप्पा आला धावत. डोक्याचं मुंडासं सोडून अगदी अदबीने विचारतो, "अम्मा, बागिलु एल्ली बेकु?"

एल्ली म्हणजे कुठे. बेकु म्हणजे हवं. आणि बागिलु... 'उ' काढा. बागिल. मधला 'इल' लाडाचा. राहिली काय? बाग! बाग कुठे हवी!

मला इतका आनंद झाला! म्हटलं, बघा, काय गुणी माणूस, घर अजून छातीएवढं नाही आणि ह्याला माझ्या बागेची काळजी! आणि बागेचं माझं पक्कं ठरलेलं. पुढे बाग केली की येणारेजाणारे फुलं तोडून नेतात. मी टांग्यात बसल्या बसल्या ठणकावून सांगितलं, "हिंदे! हिंदे बेकु!"

तो जरा बावरला. "हिंदे? अम्मा... मुंदे बेडवा?" पुढे नको?

"बेडा! मुंदे बेडा! हिंदे, हिंदे!" आणि हात असे पसरून दाखवले, मोठी हवी म्हणून.

त्याने मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मग मान डोलवली. "सरी अम्मा. आगत्ते."

आणि तुम्हाला सांगते, बायांनो, त्या माणसाने जन्मात एकदाच, एकदाच सांगितलेलं काम सांगितल्याबरोबर केलं, ते हे!

मुंजीहून परत आले, स्टेशनवरून सामान घरी टाकलं आणि तशीच धावत इकडे. बघते तर भिंती डोक्याच्या वर! पुढे नुसती खिडकी. मी उजवीकडून गेले, सलग. डावीकडून गेले, खिडकी. मागे जाऊन बघते तर ही भली मोठी सागवानी चौकट, आंब्याचं तोरण, हळदीकुंकवाची बोटं, खाली फोडलेल्या नारळाचं पाणी सुकलेलं! जिच्यासाठी नागनाथला लाकूडच मिळत नव्हतं तीच चौकट! माझ्या पाठीमागेच बरी मिळाली!

"देवाप्पा, ये क्या?" माझा आवाज चिरका झाला की हिंदीच येते. "ये मुंदे का दरवाजा हिंदे क्यों?"

तो इतका खुशीत! चौकटीवर थाप मारून म्हणतो, "बागिलु, अम्मा! हिंदे!"

बागिलु म्हणजे दार. दार! आता मला सांगा, जिथे पेन पेन्नु होतो आणि बस बस्सु होते तिथे दाराला दारु म्हणायला काय झालं होतं?... नाही, तेही बरं दिसलं नसतं म्हणा. पण सिद्धांत माझा अजूनही बरोबर आहे, हा एक शब्दच चुकीचा आहे!

मी म्हटलं, काढा. आत्ताच्या आत्ता काढा आणि पुढे बसवा. तर देवाप्पाने दोन्ही कानांना हात लावले. नागनाथ तर मागे सरला. "बाई, पूजा हो गया! पूजा की चौकट कोई हिलाता है?" खाली नवधान्य घातलंय, पंचरत्नं घातलीत. कुणी केली पूजा? मी मिरजेला, हे कानपूरला, यजमान म्हणून बसलं कोण?

घरी आले तर माजघरातून आवाज आला, "आलीस गं अक्का? मी जाऊन पूजा करून आले की! मुहूर्त टळत होता, मेस्त्री रडायला लागला. म्हटलं, पोरगी एकटी, आपणच नारळ फोडू. दार मागं कशाला म्हटलं, तर तो म्हणतो, अम्मांची हौस. म्हटलं, शिकलेली पोर आहे, असेल काही. आणि बेस झालं बघ, आमच्या तानूच्या दारासमोर अगदी तुझं दार!"

...हो. मागची जागा तानूबाईंची.

मला खाली बसवून पाणी पाजलं त्यांनीच. पोटच्या पोरीसाठी करावं तसं मायेने केलं होतं त्यांनी. पायसुद्धा किती सुजलेले, इतक्या लांब बसने येऊन. मला रागावताही येईना आणि रडू तर थांबेना, आणि त्यांना वाटलं मी कृतज्ञतेने रडतेय!

मग हे आले. कानपूरहून सरळ इथे, हातात ट्रंक, मी खिडकीतून हात हलवतेय, हे हसतायत, हे डावीकडे गेले, दिसेनासे झाले, उजवीकडून उगवले, आता हसत नव्हते. मी ओरडले, "मागून या!" आत येऊन ट्रंक ठेवली, चौकट बघितली, भिंतीवर हात फिरवला, आणि मला वाटलं आता बोलतील... तर म्हणाले, "काही बिघडत नाही गं. डकोटा विमानात मागूनच चढतात."

आता विमान कुणी मागितलं होतं? तुम्ही सांगा!

पण मी हार मानली नाही. म्हटलं, मागचं राहू दे पुजलेलं, पुढे दुसरं पाडून घेऊ, साधं, लहानसं. आता तर शब्दही माहीत झालाय! देवाप्पाला पुढच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, इथे पुढे दार हवं, "देवाप्पा. इल्ली. मुंदे. बागिलु. बेकु!"

तो हसला. कसा हसला म्हणून सांगू, आता तुम्हाला ओळखलं अम्मा, असा! कारण मधल्या काळात माझा घोटाळा मीच अंबूबाईंना सांगितला होता आणि त्यांनी तो त्याला समजावून सांगितला होता. चांगल्या मनाने हो! की आमची अक्का बागिलु म्हणते ना, तेव्हा तिला बाग म्हणायचं असतं.

"आगत्ते अम्मा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर पुढे भिंतीला लागून सगळी जमीन खणलेली, शेणखताची गाडी उलटी केलेली, आणि देवाप्पा स्वतः गुडघ्यावर बसून जाईचे वेल लावतोय. वेलांना मांडवसुद्धा केला. आनेकलहून मामाच्या मळ्यातून आणले होते, मला आनंद व्हावा म्हणून. आता त्याला काय सांगू? कुठल्या भाषेत?

बघितलीत ना येताना ती जाई? दृष्ट लागेल अशी लगडलीय. आणि येणारेजाणारे रोज पहाटे तोडून नेतात, मी खिडकीतून ओरडते, पण बाहेर जाऊन हाकलायचं म्हणजे मागून निघा, वळसा घाला, तोवर टोपली भरून बाई पार! हे आजचे गजरे आहेत ना, माळा, माळा, ते माझ्याच जाईचे आहेत. त्याच बाईकडून विकत घेतले.

आणि निघताना मागूनच जायचंय हं. पायरीवर तानूबाई असतील तांदूळ निवडत, अगदी बहिणीसारख्या, आवाजसुद्धा तोच. "कुठं निघाल्या गं अक्का सगळ्या?" म्हणून विचारतील. सांगितल्याशिवाय सुटका नाही, आधीच सांगून ठेवते.

मी? मी रोजच सांगते... नाही, एक दिवस नव्हतं सांगितलं. गेल्या गुरुवारी दार उघडलं तर पायरीवर कुणी नाही! तानूबाई लग्नाला गेलेल्या. माझं दार, माझं मी बाहेर पडले, आणि कुणी, कुणी म्हणजे कुणी मला विचारलं नाही कुठं गं अक्का! काय सुख वाटलं म्हणून सांगू! अशी कोपऱ्यापर्यंत गेले, गाडीची शिट्टी झाली तरी दचकले नाही...

आणि कोपऱ्यावर मला आठवेचना, मी कुठे निघाले होते ते. विचारलंच नव्हतं ना कुणी! तशीच परत आले.