डाव्या बाजूचं मागचं दार

थांबा, थांबा, पेंटर. हात काढा आधी. मी तुम्हाला बॉनेट बघा म्हणालो, बॉनेटवर मशीनचे गोल गोल वळसे उठलेत ते बघा म्हणालो — आणि तुम्ही सरळ डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी? त्यावर तर मी वर्तमानपत्र चिकटवून आणलंय, चारी बाजूंनी टेप मारून. कागद न काढता तुमचा हात बरोबर त्या जागी कसा गेला? — बरं, सवय. असेल सवय. मला काय कळतंय, मी पॉलिशचं मशीन आयुष्यात पहिल्यांदा आज सकाळी हातात धरलं.

हसू नका. सकाळपासून हसले तेवढे पुरेत. मशीन शेजाऱ्याचं. तो म्हणाला, काका, आधी एखाद्या जुन्या पत्र्यावर हात बसवा — मला शिकवतोय, बत्तीस वर्षं कारखान्यात लोकांना मशिनी चालवायला शिकवल्या मी. फोमच्या चकतीवर पॉलिशचे चार ठिपके दिले, बटण दाबलं — हो, हवेतच दाबलं, आधी पत्र्याला टेकवायचं असतं हे नंतर कळलं — आणि सगळं पॉलिश भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, हिने दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर. ही काही बोलली नाही. चादरी काढल्या, पुन्हा भिजवल्या. कधीच काही बोलत नाही, तोच तर वैताग आहे. माणसाने बोलावं. मी ओरडतो, पण मनात ठेवत नाही.

मग हे दार. दाराच्या मधोमध ती धार जाते ना, तिथे एक बारीक डाग होता, जाईना. मी अजून दाबलं. मला डाग सहन होत नाही. जळका वास आला, पुसून बघतो तर रंग गायब — आणि खाली पत्रा नाहीच, पुट्टी. तळहाताएवढी, पिवळट. नवी कोरी म्हणून घेतलेली गाडी. बारा वर्षांत मी हिला ओरखडा येऊ दिला नाही, चारचौघांत सांगतो मी हे. म्हणजे शोरूमवाल्याने ठोकलेली गाडी रंगवून माझ्या गळ्यात मारली. लगेच फोन लावला, असा झाडला त्याला की पलीकडचा माणूस तीनदा बदलला. तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणे, "अहो, ठेवा तो फोन." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, गाडीतलं तुला काय कळतं. आत गेली.

म्हणून आलोय. रंग नंतर, आधी लिहून द्या — हे काम जुनं आहे, गाडी विकण्याच्या आधीचं आहे, दोन ओळी आणि खाली सही. बास. मग बघतो त्याच्याकडे. — का नाही? सही करायला काय जातं तुमचं? — खाली काय बघताय, मी इकडे उभा आहे. — काय? बाई बऱ्या आहेत का म्हणजे? कुठल्या बाई?

तुम्ही हिला कसे ओळखता?

नाही, नाही, आता शब्द गिळू नका. ही गाडी चालवायची, हो. पहिली दोन-अडीच वर्षं. मीच शिकवली. शिकवली म्हणजे शेजारी बसायचो — क्लच सोड, क्लच सोड, डोळे कुठे आहेत तुझे — गाडीत मोठ्यानेच बोलावं लागतं. तरी शिकली. हिची आई शहराच्या पार त्या टोकाला, अंथरुणाला खिळलेली, ही रोज दुपारी गाडीने जाऊन यायची. आणि मग एकदम सोडलं. मी कामासाठी चार दिवस बाहेरगावी होतो, परत आलो तर चावी खिळ्याला, आणि ही म्हणते, मला नाही जमत आता. मी म्हटलं, सुटलो. सगळ्यांना सांगितलं, आमच्या बाईसाहेबांची हौस फिटली. लायसन मात्र मुदत संपली की जाऊन नवं करून आणते — मी म्हणतो, फ्रेम करून लाव भिंतीवर. आणि आईकडे दोन बस बदलून. दीड वर्ष. म्हातारी गेली तेव्हाही ही बसमध्येच होती. पोहोचली तर सगळं संपलेलं — आणि मी काय म्हणालो, सगळ्या नातेवाइकांसमोर? दारात गाडी असताना बसने कोण येतं, म्हणालो.

चार दिवस. — पुट्टी भरून, घासून, रंग वाळायला किती दिवस लागतात हो?

म्हणून हात तिथे गेला तुमचा. तुमचंच काम.

कुठे ठोकली होती? — फाटकाला? आमच्याच फाटकाला? माणूस नाही, जनावर नाही, नुसतं फाटक? मी काय खाल्लं असतं तिला? ओरडलो असतो. दोन दिवस, फार तर आठवडाभर — आता कप फुटला तेव्हा महिनाभर बोलत होतो, ते वेगळं. ते वेगळं होतं, पेंटर. — वर बघा, मी तुमच्यावर चिडलेलो नाही.

एक सांगा. गोड करून नको, जसं होतं तसं. काय म्हणाली होती ती तुम्हाला? — एवढंच? "ते यायच्या आत वाळेल ना?" रडली? — नाही. आणि मग? — दुसऱ्या दिवशीही तेच? — रोज. रोज येऊन, इथे उभं राहून, तेवढंच.

स्टूल नको मला. पाणी पण नको. दारावरचा तो कागद फाडा. ही चावी घ्या, रंग लावायचा तेव्हा लावा, नाही लावलात तरी चालेल. घरी फोन करा. हिलाच सांगा, गाडी इथे आहे, तुम्ही न्यायला या, चालवत न्या. ती विचारेल — हे कुठे आहेत, काय म्हणाले, किती चिडलेत. सांगा, काही म्हणाले नाहीत. बसने गेले.

स्टॉप कुठे आहे इथला? — नाही, सोडायला येऊ नका. बसा म्हटलं ना.