भीती ऐकून घेणाऱ्या यमुनाबाई

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, मी सभेत कधी बोललेले नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण डॉक्टर यमुनाबाईंविषयी आज त्यांनी बरं केलेल्या एकाही बाईने तोंड उघडलं नाही, तर ते बरं दिसणार नाही.

परवा त्या तापाने गेल्या. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. का, तेच सांगते.

माझा पहिला मुलगा झाला, तेव्हा मला विळी बघवेना. विहिरीकडे जाववेना. वाटायचं, माझ्याच हातून बाळाचं काहीतरी होईल. सासूबाई म्हणाल्या, "हिला बाहेरचं लागलंय. पोर हिच्याकडे देऊ नका." बाळ माजघरात नेलं. ते तिकडे रडायचं, मी इकडे.

ह्यांनी यमुनाबाईंना आणलं. परदेशी जाऊन मनाचं शास्त्र शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई. लोक हसायचे, मनाला कसलं औषध? त्या माझ्या बाजेशेजारी जमिनीवर बसल्या. नाडी नंतर पाहिली. आधी विचारलं, "कशाची भीती वाटते गो?"

मी म्हटलं, "माझ्या हातांची."

त्या दचकल्या नाहीत. "सांग," म्हणाल्या. रोज येत राहिल्या, मी सांगत राहिले. एक दिवस तोंडून निघालं, की मी लहान असताना माझा तान्हा भाऊ माझ्या मांडीवरच गेला. आणि घरातलं कुणीतरी म्हणालं होतं, "हिचा हातगुणच वाईट." इतक्या वर्षांत मला ते कधी आठवलंही नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर रडले.

मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, बाळ आईजवळच राहील. तिला सोबत हवी, तुम्ही बसा." आणि ह्यांना म्हणाल्या, "तुम्हीही बाळाला घ्यायला शिका." पुरुषाने तान्हं मूल घ्यायचं! शेजारीपाजारी हसले. ह्यांनी घेतलं.

भीती एका दिवसात गेली नाही. पण गेली. तो मुलगा आता शाळेत जातो.

आणि मला पुन्हा दिवस गेले आहेत. सभेत असं बोलू नये, ठाऊक आहे मला. पण ती भीती परत आली आहे, आणि यमुनाबाई नाहीत. आम्ही बायांनी आता कुणाकडे जायचं? कुणाकडे?

काल हेच मी सासूबाईंपुढे बोलले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे ये गो. मला शास्त्र नाही कळत. पण मी ऐकेन."

मंडळी, आता उभे राहून आपण थोडा वेळ शांत राहूया. कुणाचं तान्हं रडलं तर बाहेर नेऊ नका. रडू दे. यमुनाबाईंना ते चाललं असतं.