पालथी भांडी

दाताच्या दवाखान्यात कादंबरीकार बाई नंबराची वाट बघत होत्या. मागे दोघी बहिणी बोलत होत्या, परदेशात मराठी कुणाला कळतंय म्हणून अगदी मोकळेपणी.

“दंगलीत गाव सोडल्याची ती कादंबरी आईला कशाला दिलीस? उगाच खपल्या निघायच्या.”

बाईंनी मासिक तोंडासमोर धरलं. कादंबरी त्यांचीच होती.

“अगं, वाचता वाचता भडकली. म्हणाली, ‘हिनं लिहिलंय तशी उष्टी भांडी टाकून कोण निघतं? आम्ही घासून पालथी घातली होती. परत यायचं होतं ना.’”

“आई बोलली? त्या दिवसांबद्दल जन्मात कधी तोंड उघडलं नाही तिनं.”

“तेव्हापासून बोलतेच आहे. झोपही लागते आता.”

“लेखिकेला चूक कळवूया का?”

“नको बाई. तिनं दुरुस्त केली, तर बाकीच्यांच्या आया गप्पच राहतील.”