पाणसळ आणि भैरोबा

...नाही, पण मला सांगा, झोप कुणाला लागावी? ज्याचा हिशेब चुकलाय त्याला, की ज्याचा बरोबर आहे त्याला? तुम्हाला सांगतो, सहा वर्षं झाली मी इथं जामखेडला हायस्कुलात शास्त्र शिकवतोय. पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून पितो. एकेक घास बत्तीस वेळा चावतो. चावतो म्हणजे, मोजून! आणि आमच्या घरासमोर भैरोबाचं देऊळ आहे, तिथला पुजारी सहादेव, तो ह्या त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात, भर दुपारी, उशाला दगड घेऊन असा घोरतो की माझ्या खिडकीचं तावदान थरथरतं. भाकरी चावत नाही हो तो, गिळतो. पाणी आडातलं, गढूळ, जसं येईल तसं. आणि पित्त कुणाला? मला! आता माझा काही जळफळाट नाही हं. निरीक्षण आहे, नुसतं निरीक्षण.

तर हा सहादेव काय करतो, देवाचा कौल लावतो. म्हणजे कसं, भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर जोंधळ्याचा एकेक ओला दाणा चिकटवायचा, विचारायचं ते विचारायचं, आणि हात जोडून बसायचं. उजवा दाणा आधी पडला की होकार, डावा पडला की नकार. आता जोंधळा कुठला राहिलाय, म्हणून सध्या रेशनच्या दुकानातला लाल मिलो लावतात. म्हणजे बघा, देव जामखेडचा आणि कौल अमेरिकेच्या दाण्यावर! कुणाला काही वाटतं का त्याचं? छे! परवा लंकाबाई आली, वेशीजवळ राहते ती. म्हणाली, "देवा, पोराला देवळाली प्रवराला उसाच्या फडावर धाडू का?" पडला उजवा. बाई पदरानं डोळे पुसून हसत गेली. हसत! मी चाळीस मिनिटं बाष्पीभवन शिकवतो, एक कार्टं कधी हसून बाहेर पडलंय?

ते जाऊ द्या. लंकाबाईचं मला काही नाही. पण विजयानं, माझ्या स्वतःच्या बायकोनं...

थांबा, आधीचं सांगतो. मला अकोले तालुक्यात बदली मागता येत होती. तिकडे डोंगर, भात, भंडारदऱ्याचं पाणी, नुसतं पाणी. इकडे दोन घागरींसाठी विजया पहाटेपासून रांगेत. जायचं की राहायचं? असल्या गोष्टी काय देवाला विचारायच्या असतात? मी तक्ता केला. एका बाजूला अकोले, एका बाजूला जामखेड. सहा महिने मुद्दे लिहीत होतो. पाणी, हवा, घरभाडं, डास, एस्टीची सोय. अकोले एकोणीस, जामखेड एकोणीस. विसावा मुद्दा सुचला की पलीकडेही एक सुचायचा! अर्ज आठ दिवसांत जायला हवा आणि शनिवारी बघतो तर विजया तांदूळ निवडताना गुणगुणतेय. सहा महिन्यांत माझा तक्ता बघून तिला एकदाही गुणगुणावंसं वाटलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते कशी, "अहो, मी कौल लावून आले. आपण इथंच राहायचं."

तुम्हाला सांगतो, मी तक्ता मिटून ठेवला. देवावर विश्वास ठेव ना बाई, लाख ठेव, देव नाहीच आहे, त्याची मला कसली असूया? पण सहादेव आहे की हो! चौथी नापास सहादेव! त्याच्या मिलोच्या दाण्यावर माझी बायको विश्वास ठेवते आणि माझ्या अडतीस मुद्द्यांवर नाही? जळफळाट नाही हं. निरीक्षण.

आणि निरीक्षण म्हणजे काय, वही केली मी! खिडकीत बसून, रविवार, सोमवार, मंगळवार. अर्ज राहिला तसाच टेबलावर. अठ्ठावीस कौल बघितले. उजवे किती? पंचवीस! आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीसात पंचवीस उजवे, ही काय कृपा झाली? ह्याला कारण हवं. बुधवारी छगन गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, ती नाही का, भिंत सपाट आहे का बघतात, काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. दुपारी सहादेव घोरत होता. शिरलो गाभाऱ्यात. चपला बाहेर काढल्या होत्या, तेवढं आपण पाळतो. भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर पाणसळ आडवी धरली आणि काय सांगू, बुडबुडा सर्रकन देवाच्या डाव्या बाजूला! बुडबुडा जातो उंच बाजूला, म्हणजे उजवा खांदा खाली. मूर्ती कलती! दाणा उजवाच पडणार, दुसरं होणार काय? असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

तसाच बाहेर आलो आणि सहादेवाला हलवून उठवलं. खरं सांगतो, त्याची झोप मोडली ह्याचाही मला फार आनंद झाला. म्हटलं, सहादेवा, तुझा देव उजवीकडे कललाय.

तो डोळे चोळत म्हणाला, "व्हय की."

व्हय की? मी म्हटलं, तुला माहीत होतं?

"माज्या आज्यानं तसाच बसवलाय, मास्तर. मानूस देवाम्होरं येतं ते मनात ठरवूनच येतं. त्याला फकस्त कुनीतरी व्हय म्हनाया पायजे असतं. न्हाई म्हनून कशापायी वाटंला लावायचं?" मग जांभई देऊन म्हणाला, "त्यो काय सवाल टाकतो त्येवढं ऐकायचं. वैनी म्हनल्या, देवा, हितंच ऱ्हाऊ का? म्हंजी वैनींस्नी ऱ्हायचं हाय. तुमी त्यास्नी इचारलं न्हवतं का?"

आणि पुन्हा आडवा झाला. आणि लागली की हो त्याला झोप!

मी घरी आलो. तक्ता उघडला. अडतीस मुद्दे. विजयाला काय हवंय, हा मुद्दा कुठेच नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, "पाण्याच्या रांगेत चार जणी बोलतात माझ्याशी. अकोल्याला पाणी घरात येईल हो, पण घरात तुम्ही आणि तुमचा तक्ता. सहा महिने वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून." अर्ज फाडला मी. राहिलो. पण ते सुचलं कुणाला? सहादेवाला! अन् त्याच्या आज्याला! जळफळाट... हो, आहे. काय करता?

शेवटी एक दिवस गेलो एकटाच. भिजवून दोन दाणे लावले आणि विचारलं, भैरोबा, सहादेवापेक्षा शहाणा मीच ना? खात्री होती हो, बुडबुडा डोळ्यांनी बघितला होता मी.

पडला डावा.

वारा असणार. किंवा दाण्याला पाणी कमी पडलं असेल. एका निरीक्षणावरून कोणी निष्कर्ष काढतं का? म्हणून आता रोज सकाळी जातो, वही घेऊन. आणि तो सहादेव पारावर बसून येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "मास्तरावानी भाविक मानूस म्या बगितला न्हाई."