मुलीचे इअरफोन

दुकानात माझ्यापुढे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. काउंटरवर त्यांनी पिशवीतून एक जाडजूड ॲम्प्लिफायर काढून ठेवला.

“भाऊ, याला मुलीचे इअरफोन लावले की सारखं सूं सूं होतं. मोबाइलमधलं तिने म्हटलेलं गाणं नीट ऐकूच येत नाही.”

“होणारच, काकू. हा मोठ्या हेडफोनसाठी असतो. हे इअरफोन फार नाजूक. पणती विझवायला बंब आणलात तुम्ही! हा छोटा लावून बघा.”

“थांबा हं... गेलं की! अगंबाई, गाण्याआधी श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येतोय.”

“मग झालं तर! पण हाताने दाबून का धरलेत?”

“कानात बसत नाहीत ना.”

“बसतील कसे? तिच्या कानाचा साचा घेऊन बनवलेत. तिचे तिलाच घालू द्या की!”

“ती गेली हो, भाऊ.”

“माफ करा, काकू. मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला काय माहीत असणार!”

“द्या, काकू. कडेने जरा घासून देतो. तुमच्या कानात नीट बसतील.”

“नको, नको! घासू नका. तिच्या कानाची वळणं आहेत ती. राहू देत तशीच. मी आपली हाताने धरून ऐकेन.”